बिनब्रेकची सायकल आणि दोन कॅन पाणी

“ज्या सायकलीत बिघडण्यासारखं काही ठेवलंच न्हाई, ती बिघडंलच कशी?” असं विरूपाक्ष चौकातल्या हॉटेलात बसून सगळ्यांना विचारायचा, आणि कुणालाच उत्तर सुचायचं नाही. विरूपाक्षाच्या योजनांचं नेहमी असंच. बोलताना त्यांत खोट सापडत नसे. ती सापडायची प्रत्यक्ष करताना, आणि तेव्हा हॉटेलातलं कुणी जवळ नसायचं.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. शिकवणीसाठी लातुरात राहणारी पोरं पाण्यावाचून खोल्या सोडून गावी निघाली होती, आणि जे नेता येईना ते मिळेल त्याच्या गळ्यात मारून जात होती. त्यातल्याच एकाची रेसची सायकल विरूपाक्षाच्या गळ्यात पडली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, काडीसारखी बारीक चाकं आणि मागे दातेरी चकत्यांची उतरंड. त्याच्या गावी, जळकोटला, आणेपर्यंत तिचे गिअर सारखे अडकत होते आणि चेन सारखी उतरत होती. दुसरा कुणी असता तर तिथंच कपाळावर हात मारून बसला असता. पण विरूपाक्षाचं दुकान झेरॉक्सचं. गिऱ्हाईक कमी आणि मोबाइलवर व्हिडिओ जास्त. त्यानं दोन दुपारी व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की, बाहेरच्या देशांत शहाणी माणसं अशा जुन्या सायकलीचे गिअर काढून फेकतात, ब्रेकही काढतात, आणि मागचं चाक पायडलाशी पक्कं जखडतात. चाक फिरलं की पायडल फिरणार. पायडल थांबलं की चाक थांबणार. पाय स्वस्थ ठेवून नुसतं बसून राहायची सोयच नाही. तिला फिक्स म्हणतात.

चौकातल्या जिलानी मिस्त्रीनं ‘फिक्स’ ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. लहानपणी त्यानं उदगीरच्या जत्रेत अखंड सायकल चालवणारा बघितला होता. मैदानात गोल गोल फिरायचं, सायकलवरच जेवायचं, सायकलवरच दाढी करायची, आणि आठवडाभर खाली उतरायचं नाही. त्याचंही मागचं चाक असंच जखडलेलं होतं. त्या खेळाचे नियम गावोगावच्या माणसांना पाठ होते. सायकलवाल्याला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याचा पाय जमिनीला टेकला की खेळ बाद.

“खेळ करायलाव का काय, मालक?” जिलानीनं हळूच विचारलं.

विरूपाक्षाला सायकल पाणी आणायला हवी होती. पण एवढे व्हिडिओ बघून शेवटी पाणीच आणायचं, हे सांगायला त्याची जीभ वळेना. तो म्हणाला, “बघशीला तुम्ही. अख्खा चौक बघंल.”

एवढं एक वाक्य त्यानं गिळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गिळणं विरूपाक्षाच्या स्वभावात नव्हतं. मजुरीच्या बदल्यात त्यानं घरातली वडिलांची काळी सायकल जिलानीला देऊन टाकली. ती वजनानं म्हशीएवढी होती आणि चार घागरी लावल्या तरी हूं की चूं करत नसे. “ते जुनं धूड कशाला पायजे आता?” असं विरूपाक्ष म्हणाला. जिलानीनं रेसच्या सायकलीचे गिअर आणि ब्रेक काढले, मागचं चक्र वेल्डिंग करून जाम केलं, मागे एक कॅरिअर बसवलं, आणि विरूपाक्षाच्या आग्रहाखातर पायडलांना पाय अडकवायचे पिंजरे आणि चामडी पट्टेही लावले. फिरतं पायडल सुटलं तर नडगी फोडतं, म्हणून पाय बांधूनच बसायचं, असं व्हिडिओत सांगितलं होतं.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. विरूपाक्षाची बायको दानम्मा दोन महिन्यांपासून पोरीला घेऊन धर्माबादला माहेरी होती. भांडून गेली नव्हती. भांडून गेली असती तर त्यानं समजूत काढली असती. ती पाण्यासाठी गेली होती, आणि पाण्याची समजूत कुणाला काढता येत नाही. पोरीच्या, शांभवीच्या, अंगावर घामोळं उठून त्याचे फोड झाले होते, आणि घरात तिला न्हाऊ घालायला तांब्याभराच्या वर पाणी नसायचं. दानम्मानं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, “घरात पाणी असंल तवा बोलवा.” तेव्हापासून विरूपाक्ष भाकरी हॉटेलात खायचा आणि दुकानातून घरी जायला उगाच उशीर करायचा. पोरीची त्याला इतकी आठवण यायची की तिची तुटकी पाटी त्यानं दुकानाच्या गल्ल्यात आणून ठेवली होती. हे मात्र तो हॉटेलात कुणाला सांगत नसे.

शेवटी त्यानं फोन केला. “सोमवारी या. लिंबाजीमामाच्या बोअरला पाणी हाय अजून. दोन कॅन भरून आणतो. पोरीची आंघोळ हुईल, सैपाक हुईल. पुढं टँकर येणारच हाय.”

“नक्की ना?” दानम्मानं विचारलं. “कोरड्या घरी पोरीला घिऊन म्या उतरणार न्हाई बघा. आल्या गाडीनं माघारी जाईन.”

दानम्मा बोलायची तसं करायची. सासरी तिचा तेवढा एकच दोष सगळ्यांना खुपायचा.

शाळेच्या मैदानावर विरूपाक्षानं सायकलीचा सराव केला. सायकल सुरेख पळाली. थांबायची वेळ आली की तो व्हॉलीबॉलच्या खांबाला मिठी मारायचा आणि मग सावकाश पट्टे सोडायचा. म्हणजे चालवणं जमलं होतं आणि खांबही जमला होता. थांबणं तेवढं शिकायचं राहिलं होतं.

सोमवारी सकाळी तो माळावर लिंबाजीमामाच्या शेतात गेला. बोअर गुरगुरत, थुंकत, उसासे टाकत चालली आणि मोठ्या मिनतवारीनं दोन कॅन भरले. लिंबाजीमामानं ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बांधले, सायकल धरली, आणि विरूपाक्षानं आपले पाय पट्ट्यांत आवळून घेतले.

“आरं, हिला ब्रेक कुठं हाय?” मामानं विचारलं.

“पायातच हाय, मामा. पायडल दाबून धरलं की उभी राहती.”

“मागं एवढं वजन असताना?”

“लोटा तुम्ही.”

मामानं लोटलं. माळावरून चौकापर्यंत रस्ता सरळ उताराचा. साध्या सायकलीवर माणूस उताराला पाय स्वस्थ ठेवतो, वारा खातो, एखादं गाणंही म्हणतो. इथं चाक पायडलाला फिरवत होतं आणि पायडल पायांना. विरूपाक्षानं पायडल दाबून धरायचा प्रयत्न केला, तेव्हा मागच्या पाण्यानं त्याला असा धक्का दिला की त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. सायकल आता तो चालवत नव्हता, सायकलच त्याला चालवत होती. वाटेत एक शेळी, एक पोस्टमन आणि एक टमटम यांनी त्याला वाट दिली. त्याच्या तोंडून महादेवाचं नाव निघालं आणि तसाच तो चौकात शिरला.

चौकाच्या मधोमध एक कारंजं आहे. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं होतं. विरूपाक्षानं वेग मारण्यासाठी त्या कोरड्या कारंज्याला फेऱ्या घालायला सुरुवात केली. वेग हळूहळू कमी झाला आणि पाय ताब्यात आले. आता फक्त कुणी तरी सायकल धरायची होती. नुसतं थांबलं तर पाय बांधलेले, म्हणजे तो कुशीवर पडणार, आणि तो पडला की कॅन फुटणार. हाड मोडलं असतं तर बसवता आलं असतं. पाणी कुठून आणायचं?

“जिलानीभाई, धरा मला,” तो ओरडला.

जिलानी दुकानाच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा नुसता उजळला होता. विरूपाक्ष बोलला तसं त्यानं करून दाखवलं होतं. “सुरुवातीलाच धरा म्हणायलाव? हिंमत ठिवा, मालक,” तो म्हणाला, आणि आजूबाजूच्या लोकांकडे वळला. “कुणी हात लावू नका रे. खेळ बाद हुईल.”

आता हा चौक नेमका त्या दिवशी साधा चौक नव्हता. कारंज्याच्या कडेला नव्या जिल्ह्याचा मांडव होता. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, अशी आवई दर उन्हाळ्यात उठायची. तालुका झाला तरी पाणी आलं नाही, आता जिल्हा तरी बदलून बघू, असं लोकांचं म्हणणं. कृती समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांनी साखळी उपोषण मांडलं होतं. पण उन्हानं साखळीची एकेक कडी गळून गेली होती आणि मांडवात स्वतः आप्पा, एक सतरंजी आणि एक झोपलेला कार्यकर्ता एवढंच उरलं होतं. त्यातून दुपारी लातूरहून टीव्हीवाले येणार होते. आप्पा सकाळपासून काळजीत होते. त्यांना सायकल दिसली आणि ते उठून बसले.

“काय करायलंय रे हे पोरगं?”

“अखंड सायकल चालवायलंय, आप्पा,” जिलानीनं सांगितलं. “मला आधीच बोलले व्हते. अख्खा चौक बघंल म्हणले.”

“आप्पा,” विरूपाक्ष फिरता फिरता ओरडला, “मला उतरवा. घरी जायचंय. दानम्मा येयलीय. मागं घरचं पाणी हाय.”

आप्पांनी प्रत्येक शब्द नीट ऐकला. चाळीस वर्षांच्या राजकारणात ऐकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं ते शिकले होते. त्यांनी माइक हातात घेतला. “बंधू-भगिनींनो, बघा. बायको माहेरून येयलीय, घरी कुणी न्हाई, पाठीवर पाण्याचं वजन, आन हा विरूपाक्ष जिल्ह्यासाठी घरादाराकडं पाठ फिरवून सायकलवर बसलाय. जिल्हा जाहीर होईस्तोवर ह्यो खाली उतरणार न्हाई.”

गर्दी जमायला वेळ लागला नाही. दुष्काळात लोकांना कामच नव्हतं. कार्यकर्ता जागा झाला आणि त्यानं कारंज्याभोवती दोरी बांधून रिंगण केलं. विरूपाक्षानं वाकून पट्टे सोडायचा प्रयत्न केला, पण पाय खालून वर आणि वरून खाली जात असताना हात पट्ट्यापर्यंत पोचेना. मग त्याला विजेचा खांब दिसला. त्यानं मैदानावरच्या सवयीनं सायकल खांबाकडे वळवली आणि दोन्ही हात पसरले. गर्दीतली चार माणसं धावली आणि खांबासमोर हात जोडून उभी राहिली.

“न्हाई, दादा, न्हाई. एवढं केलंय, आता मोडू नका.”

“मला मोडायचंच हाय!”

“उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं,” एक बाई हळहळली. त्या चौघांनी अंगाला हात न लावता, गुरं वळवावीत तसे नुसते हात हलवून त्याला पुन्हा रिंगणात वळवलं.

टीव्हीवाले आले. एक पोरगा माइक घेऊन त्याच्या बरोबरीनं पळू लागला. “आपली नेमकी मागणी काय?”

“खाली उतरायचंय.”

“सरकारला काय सांगाल?”

“सायकल धरा म्हणावं.”

पोरगा कॅमेऱ्याकडे वळला आणि गंभीर आवाजात म्हणाला, “आपण पाहू शकता, थकव्यामुळे आंदोलकाला आता नीट बोलताही येत नाही. तरीही त्यांचा निर्धार ढळलेला नाही.”

विरूपाक्षाच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. घशाला कोरड पडली होती आणि पाठीमागे पाणी डुचमळत होतं. त्या आवाजावर तो टिकून होता. थोडी कळ काढू, हे लोक कंटाळतील, मग कुणी तरी धरेल, दुपारच्या गाडीच्या आत घरी पोचू, शांभवीला घंगाळात बसवू, असं तो मनाशी म्हणत होता. तेवढ्यात आप्पांना दया आली. आप्पांची दया आजवर कुणाला सोसली नव्हती.

“एवढं ओझं कशाला त्याच्या मागं? हलकं करा त्याला,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, हात लावायचा न्हाई असं हाय ना?”

“माणसाला लावायचा न्हाई. कॅनला काय हुतंय?”

विरूपाक्ष ओरडला, त्यानं विनवलं, शेवटी शिव्याही दिल्या. दोघं पळत आले, दोऱ्या कापल्या, आणि त्याचे दोन्ही कॅन काढून मांडवात नेऊन ठेवले. त्याच्या अंगाला त्यांनी बोटही लावलं नाही, नियम कडक पाळला.

पुढचं सगळं त्यानं फिरता फिरता बघितलं, एकदा समोरून आणि एकदा मान मागे वळवून. आप्पांनी पहिला कॅन उघडला. टीव्हीवाल्यांनी जागा दाखवली. आप्पा तिथं तांब्या घेऊन उभे राहिले, आणि विरूपाक्ष समोरून गेला की दर फेरीला त्याच्या डोक्यावर तांब्या ओतू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी केसांतून, मानेवरून, पाठीवरून वाहून रस्त्यावर सांडत होतं. दोन महिन्यांत त्याच्या अंगाला एवढं पाणी लागलं नव्हतं. ते इतकं गार आणि बरं वाटत होतं की त्याला रडू आलं. ओल्या तोंडावर ते कुणाला दिसलं नाही.

एक कॅन संपला. “आप्पा, दुसरा ठिवा,” तो म्हणाला. “पोरीच्या आंघोळीचा हाय.”

आप्पांनी कदाचित ठेवलाही असता. पण उघडं पाणी दिसल्यावर गर्दी आता जिल्ह्याकडे बघत नव्हती. शेजारच्या गल्लीतली भामाबाई कळशी घेऊन पुढे आली. “आमच्या गल्लीला टँकर आलाच न्हाई, आप्पा. लेकरं तहानलेली हायत.” तिच्या मागे दुसरी आली, मग तिसरी. कुणी तांब्या धरला, कुणी डबा, कुणी नुसती ओंजळ. आप्पांनी दुसऱ्या कॅनचं झाकण काढलं. विरूपाक्षाला भामाबाईचा राग यायला हवा होता, पण तिची लेकरं समोरच ओंजळीनं पाणी पीत होती. कुणावर रागवावं हेच त्याला कळेना. माणसाला राग ठेवायलाही जागा लागते.

आता पडायला काहीच हरकत नव्हती. तो निर्णय त्यानं घेण्याआधी सायकलीनं घेतला. त्याच्याच अंगावरून सांडलेल्या पाण्यानं कारंज्याभोवती चिखल झाला होता. सगळ्या तालुक्यात त्या दिवशी तेवढाच चिखल होता, आणि त्याची बारीक चाकं बरोबर त्यात गेली. सायकल घसरली आणि विरूपाक्ष पायडलांना बांधलेला तसाच कुशीवर आडवा झाला.

जिलानीनं मान हलवली. “उदगीरचा आठवडाभर चालवायचा,” तो म्हणाला आणि दुकानात गेला.

आप्पांनी माइक तोंडाशी नेला. “जिल्हा अगदी हाताशी आला व्हता,” ते कॅमेऱ्याला म्हणाले. “आपलीच माणसं कच्ची पडतात, त्याला सरकार काय करंल?” टीव्हीवाल्यांनी तारा गुंडाळल्या. गर्दी पांगली. जाता जाता कुणी म्हणालं की झेपत नव्हतं तर बसायचं कशाला. आता त्याला हात लावायला कसलाच नियम आड येत नव्हता, पण कुणी लावला नाही.

मुखेडकडून येणारी एस.टी. केव्हाची रिंगणाच्या दोरीपाशी अडकून उभी होती. चौक बंद, म्हणून ड्रायव्हरनं गाडी तिथूनच माघारी वळवायला घेतली होती. तिच्यातून दानम्मा उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला शांभवी. किती वेळापासून ती खिडकीतून बघत होती, ते तिनं सांगितलं नाही. ती चिखलातून आली, पिशवी खांद्याला अडकवली, खाली बसली आणि विरूपाक्षाच्या पायांचे पट्टे सोडू लागली. सकाळपासून सगळा गाव ज्याला भ्याला ते काम तिनं दोन हातांनी केलं.

“लागलं का?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

शांभवी बापाकडे बघत होती. त्याच्या केसांतून अजून थेंब गळत होते. “बाबा, तुमच्याकडं तर लई पाणी हाय की,” ती म्हणाली. “मग मी आज्याकडं का राहायचं?”

विरूपाक्ष चिखलातून उठून बसला.

“घरी किती हाय?” दानम्मानं विचारलं.

“रांजणाच्या तळाला हाय थोडं.”

दानम्मानं पदरानं त्याच्या भुवयांवरचा चिखल पुसला. रागावली असती तर बरं झालं असतं. “टँकर आला की फोन करा,” ती म्हणाली, पोरीला उचलून घेतलं आणि गाडीत चढली. शांभवी खिडकीतून हात हलवत राहिली. ती तिथून खूश दिसत होती. बापाची आंघोळ झाली होती ना.

विरूपाक्षानं रिकामे कॅन हँडलाला अडकवले आणि सायकल ढकलत घराकडे निघाला. ढकलली तरी चाकाबरोबर पायडल फिरतच होतं आणि दर थोड्या पावलांनी त्याच्या नडगीवर बसत होतं. माळाच्या रस्त्याशी पोचला तेव्हा वरून कुणी तरी सायकलीवर येताना दिसलं. भामाबाईचा नवरा होता. त्याच्या खाली विरूपाक्षाच्या वडिलांची काळी सायकल होती. जिलानीनं ती त्याला विकली होती. मागे-पुढे चार घागरी काठोकाठ भरलेल्या. तो पायडल मारत नव्हता. पाय स्वस्थ ठेवून, वारा खात, गाणं म्हणत नुसता बसला होता, आणि मागचं चाक टिकटिक करत आपलं आपण फिरत होतं.

“काय विरूपाक्ष मालक,” तो लांबूनच म्हणाला, “जिल्ह्याचं काय झालं मग?”

विरूपाक्ष त्याला वाट द्यायला बाजूला सरकला, आणि पायडल पुन्हा नडगीवर बसलं.